मदत हवी आहे: ‘भदाणे’ हे आमचं आडनाव की मूळ गाव?

आम्ही अमळनेर तालुक्यातले, आडनाव पाटील. अर्धं गावच पाटील, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. पाटील हा मुळात हुद्दा (गुजरातीतला पटेलही त्याच मुळाचा). 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. आजी म्हणायची, ‘पाटीलकी गई, नाव ऱ्हायनं.’ पण मग आधीचं आडनाव काय?

पणजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातली (गाव नमुना 14) मोडी नोंद मिळाली. जाणकाराकडून वाचून घेतली. त्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘भदाणे पाटील’ असं आहे. अडचण अशी की मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. ओळ सलग धावते. त्यामुळे हे ‘भदाणे’ आडनाव आहे की धुळ्याजवळच्या भदाणे गावचे पाटील असा अर्थ, हे ठरत नाही. आपल्याकडे गावावरून पडलेल्या प्रत्येक आडनावाला ‘कर’ लागतोच असंही नाही.

शाळेचे दाखले आणि जुने सातबारे पाहून झाले, सगळीकडे नुसतं पाटील. कुळाची वही ठेवणारे भाट आमच्याकडे दोन पिढ्यांत फिरकलेले नाहीत. कुलदैवतावरून शोधा असं कृपया सांगू नका, आमच्या भावकीतच त्यावर दोन मतं आहेत! जातीच्या दाखल्यासाठीही नकोय, फक्त वंशावळ लिहायची आहे.

1906 मध्ये खान्देशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याआधीचे अमळनेर भागातले पाटीलकी वतनाचे कागद कुणी प्रत्यक्ष पाहिलेत का? ते धुळ्याला मिळाले की जळगावला, आणि त्यात वतनदाराचं आडनाव वेगळं लिहिलेलं असतं का?