सायकिट-एफडीए: ग्रोथ डेटाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह करवतीसारखा दिसतोय, मदत हवी आहे

मंडळी, पायथॉनमध्ये फंक्शनल डेटा, म्हणजे जिथे प्रत्येक नोंद हा एक अख्खा वक्र असतो, कोणी हाताळलाय का? सायकिट-एफडीए ही त्यासाठीची लायब्ररी, तिच्यासोबत मिळतो तो बर्कलीचा ग्रोथ डेटा घेतलाय, ३९ मुलगे नि ५४ मुली, वय १ ते १८, प्रत्येकाची उंची ३१ वेळा मोजलेली. नुसतं प्लॉट म्हटलं की ९३ रेषा उमटतात नि रंगांचा असा गुंता होतो की मुलगा कुठला मुलगी कुठली काही कळत नाही. पण ते एक वेळ चालेल, खरी अडचण पुढे आहे. मला वाढीचा वेग नाही, प्रवेग (उंचीचा दुसरा डेरिव्हेटिव्ह) बघायचाय, म्हणजे वयात येताना जी एकदम उसळी येते ती. थेट ग्रिडवर, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवरच, तो काढला तर करवतीचे दाते. मग बी-स्प्लाइन बेसिसमध्ये (बहुपदीचे तुकडे जोडून वक्र बनवणारी फंक्शन्स) बदलून बघितलं, ऑर्डर (तुकड्याच्या घातापेक्षा एकने जास्त) डिफॉल्टच ठेवली, तर दाते गेले पण वक्र जागोजागी मोडल्यासारखा दिसतो, सरळ काड्या जोडाव्यात तसा. काय करू?

प्रतिसाद १
रंगांचं सोपं आहे, प्लॉटमध्येच ग्रुप म्हणून टार्गेट (मुलगा की मुलगी हे लेबल) द्या नि ग्रुपची नावं द्या, दोनच रंग येतील, लेजंडसकट.
काड्यांचं कारण ऑर्डर. डिफॉल्ट ४ म्हणजे क्यूबिक, त्याचा दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतला की तुकड्या-तुकड्यांची सरळ रेषाच उरणार, प्लॉटचा त्यात काही दोष नाही. प्रवेग गुळगुळीत हवा तर ऑर्डर ६ घ्या. नॉट्स (तुकडे जिथे जोडले जातात ते बिंदू) मात्र समान अंतरावर नकोत, कारण या डेटात वयं समान अंतरावर नाहीतच: दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी मोजलंय, मग आठपर्यंत वर्षातून एकदा, पुढे सहा-सहा महिन्यांनी. नॉट्स त्या वयांवरच ठेवा, म्हणजे बेसिस ३५ होतात.

धागाकर्ती
पण ३१ आकड्यांवर ३५ बेसिस कसे बसणार? 😅

प्रतिसाद १
नुसते नाहीच बसणार ताई, पेनल्टी लावावी लागते, म्हणजे वक्र खडबडीत झाला की दंड. बेसिस स्मूदर वापरा, त्यात एलटू रेग्युलरायझेशन, नि पेनल्टी चौथ्या डेरिव्हेटिव्हवर लावा, दुसऱ्यावर नको, कारण तुम्हाला दुसराच गुळगुळीत हवाय. स्मूदिंग पॅरामीटर (पेनल्टीचा जोर) कमीजास्त करून बघत बसावं लागेल, जास्त ताणलात तर उसळीच सपाट होऊन जाईल. फूरियर बेसिसच्या (साइन-कोसाइन लाटांच्या) नादी लागू नका, तो कॅनडाच्या हवामानाच्या डेटाला ठीक, तिथे डिसेंबरनंतर पुन्हा जानेवारी येतो. उंची काही परत एक वर्षाची होत नाही.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, एकच भर. दोन्ही टोकांना, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षी नि १७ च्या पुढे, प्रवेग वेडावाकडा उडतो आणि त्यामुळे उभा अक्ष एवढा ताणला जातो की मधलं काही दिसतच नाही. प्लॉट करताना डोमेन रेंज ३ ते १७ द्या. मुलींचा प्रवेग आधी शून्याखाली जाताना दिसला पाहिजे, साधारण बाराच्या आसपास, मुलग्यांचा त्यानंतर दोनेक वर्षांनी. आणि सरासरी वक्र काढलात तर सगळ्यांची उसळी वेगवेगळ्या वयात असल्यामुळे तो खऱ्या कुठल्याच मुलापेक्षा बसका येतो, त्यासाठी आधी रजिस्ट्रेशन, म्हणजे वक्र वयाच्या अक्षावर सरकवून एकमेकांशी जुळवणं, करावं लागतं.

धागाकर्ती
ऑर्डर ६, पेनल्टी आणि डोमेन रेंज, तिन्ही लावलं, आता दिसतंय! मुलींच्या रेषा आधी खाली येतात, अगदी स्पष्ट. रजिस्ट्रेशनमध्ये लँडमार्क (प्रत्येक वक्रावरची ठरावीक खूण जुळवायची) घ्यायचा की इलॅस्टिक (अख्खा वक्र आकारानुसार ताणून जुळवायचा)? लँडमार्क ९३ जणांचे हाताने शोधायचे का?

प्रतिसाद २
हाताने कशाला, प्रत्येकाचा प्रवेग वरून खाली येताना शून्य कुठे ओलांडतो ते कोडने शोधा, तोच लँडमार्क. फक्त आठच्या पुढेच शोधा, लहानपणीही एक छोटी उसळी असते, ती सापडेल उगाच.