ऑनलाइन कोर्सनं फाउंड्री शिकता येते का?

शिरोलीकर (धागाकर्ता):
शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, सांभाळतो. गेल्या वर्षी चार पोरांना एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) कास्टिंगच्या, म्हणजे ओतकामाच्या कोर्सला बसवलं. कोर्स फुकट, परीक्षेची फी माणशी हजार, ती मी भरली. एकानंच पुरा केला. परवा कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे हवेची भोकं, यायला लागले. आमच्या जुन्या मोल्डरनी (वाळूचे साचे करणारे) मूठभर वाळू दाबली, तळवा उघडून बघितला. वाळू हाताला चिकटलेली. म्हणाले, "पाणी लय झालंय." सर्टिफिकेटवाला शेजारीच उभा. मॉइश्चरची टक्केवारी तोंडपाठ, पण वाळूला हात लावायचं सुचलं नाही. असल्या कोर्सचा काय उपयोग, सांगा.

गडहिंग्लजची_क्वालिटीवाली:
दादा, मोल्डरमामांना मान आहेच. पण पाणी वाढलं की ब्लो होल का येतात, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलंय? ओतलेल्या धातूनं पाण्याची वाफ होते, वाळूतनं बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. डिप्लोमाला मी हे नुसतं पाठ केलं होतं. डोक्यात शिरलं ते कोर्सचा व्हिडिओ तीनदा मागं नेऊन बघितल्यावर. वर्गात सरांना कोण तीनदा मागं नेणार?
आणि एक विचारते, राग मानू नका. पोरांनी अभ्यास कधी करायचा होता? ओव्हरटाइम करून रात्री अकरा वाजता?

खडू_फळा:
मी इंजिनिअरिंगला शिकवतो. गळती जगभर आहे. २०११ साली स्टॅनफर्डच्या एआयच्या मोफत कोर्सला दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव घातलं, शेवटपर्यंत टिकले वीस हजारांच्या आसपास. फुकट म्हटलं की नाव घालायला काय जातंय! तेव्हा चारात एक म्हणजे तुमचा निकाल बराच म्हणायचा.
मला खुपतं ते वेगळंच. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सात सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, त्यांना २५ टक्के गुण. त्यांची उत्तरं आमच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच फिरत असतात. उरलेल्या ७५ टक्क्यांसाठी केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो, म्हणून त्या कागदाला किंमत. 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबून मिळणारी सर्टिफिकेटं बायोडाटा फुगवायला बरी.

उद्यमनगरी:
तिघांनी का सोडला ते विचारलंसा का? आयटीआयची पोरं असणार. रायझर, कोअर, गेटिंग हे रोजच्या तोंडातले शब्द, पण मधलं इंग्रजी डोक्यावरनं जातंय. मी स्वतः दुसऱ्या आठवड्यात बंद केला. व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) शिकलो ते उस्तादाच्या शिव्या खाऊनच.

गडहिंग्लजची_क्वालिटीवाली:
उस्ताद मिळाला म्हणून तुमचं भागलं. मला शॉपवर पहिले सहा महिने मशीनजवळ कुणी फिरकू दिलं नाही. व्हिडिओनं निदान मुलगी म्हणून हाकललं तरी नाही.

शिरोलीकर:
ताई, ओव्हरटाइमचं खरं आहे. फी भरली, वेळ दिला नाही. पुढच्या बॅचला जेवणानंतर एक तास कामाच्या वेळातच देतो, जोडीला इंग्रजी समजावून सांगायला डिप्लोमावाला बसवतो. पण सर्टिफिकेटवाल्याला महिनाभर मोल्डरमामांच्या हाताखाली टाकणार, त्यात सवलत नाही.

गडहिंग्लजची_क्वालिटीवाली:
टाकाच. फक्त मामांनी मूठ दाबली की लगेच त्याच वाळूचं मॉइश्चर टेस्टरवर मोजून फळ्यावर लिहायला लावा त्याला. मामा उद्या रिटायर झाले तर मूठ कुणाची वापरणार?