जुन्या जंगल संगीताचे डिजिटल रीइश्यू (पुनर्प्रकाशन): टेपवरून की रेकॉर्डवरून?

दादरकर: १९९३-९४ चं हार्डकोर, जंगल हे ब्रिटिश डान्स संगीत आता फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) मिळतंय, फार आनंद झाला. पण काही फाइलींत सुईची खरखर येते. मूळ डॅट टेप (डिजिटल ध्वनिमुद्रणाची कॅसेट) उरली नसावी का? विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

गिरगावचा: डॅट खराब झाली की आवाज तुटतो, मग रेकॉर्डवरूनच उतरवतात. सुरुवातीची शांतता हेडफोनवर ऐक. चटचट आली तर रेकॉर्डवरून उतरवलंय समज. मला ती चालते रे. रीमास्टर म्हणून आवाज चढवून ड्रम सपाट करतात, ते मात्र सहन होत नाही! विन्स्टन्स या बँडचा १९६९ चा अमेन ब्रेक हा ड्रमचा तुकडा कापून कापून हे संगीत उभं राहिलं, त्यातल्या स्नेअर ड्रमचा दम जायला नको.

ठाणेकर: नमुना लोकलमध्ये ऐकू नकोस, बास कळणारच नाही.