‘सीझन संपल्यावर बघू’वाल्यांना सविस्तर उत्तर

मध्यरात्र :

बाराभागी यांनी काल अ‍ॅनिमेबद्दल, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांबद्दल, लिहिलं : "अ‍ॅनिमे दर आठवड्याला बघणं म्हणजे ताटात एकेक घास वाढून घेणं. सीझन संपू द्या, रविवारी बारा भाग ओळीने बघा, विषय संपवा. साप्ताहिक मंडळींना कथेत नव्हे, ‘मी आधी बघितलं’ यातच रस असतो." तिथेच दोन ओळी खरडून सोडून देणार होतो, पण त्या शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं. म्हणून वेगळा धागा.

आधी हे सांगा, ‘संपल्यावर’ म्हणजे कधी? अटॅक ऑन टायटन एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. ‘अंतिम सीझन’ डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला आणि खरोखरचा शेवटचा भाग ४ नोव्हेंबर २०२३ ला आला. अंतिम म्हणून जाहीर झालेली गोष्टच तीन वर्षं चालली. कूर (तीन महिन्यांत येणारे बारा-तेरा भाग) संपणं, सीझन संपणं आणि गोष्ट संपणं या तीन वेगळ्या घटना आहेत. थांबणारे सोयीप्रमाणे कधी ही, कधी ती धरतात.

दुसरं, भागांची बांधणीच आठवड्याच्या अंतराचा हिशेब ठेवून केलेली असते. शेवटच्या दृश्याखाली गाणं हळूच सुरू होतं, नामावली जाते आणि मग अर्ध्या मिनिटाचा सी-पार्ट येतो. ओळीने बघणाऱ्याच्या पडद्यावर ‘पुढचा भाग ५ सेकंदांत’ची चौकट उगवते आणि सी-पार्ट कापला जातो. मग हेच लोक विचारतात, "तो माणूस अचानक कुठून आला?" ऑटोप्ले बंद करायची तसदी कोणी घेत नाही.

तिसरं, चर्चा. उदाहरण जोजो या मालिकेच्या ‘स्टोन ओशन’ पर्वाचं. डिसेंबर २०२१ ला १२ भाग एकदम, सप्टेंबर २०२२ ला पुढचे १२, डिसेंबर २०२२ ला उरलेले १४. जोजोच्या आधीच्या पर्वांवर दर आठवड्याला आठवडाभर भांडणं चालायची. इथे दर खेपेला चार दिवस गलका आणि मग आधी नऊ महिने, नंतर तीन महिने शुकशुकाट.

बाराभागी :

वाचलं. आता पाणी प्या.

टायटनचं उदाहरण सोयीचं आहे. मी सीझन म्हटलं होतं, महाकाव्य नव्हे. माझ्याकडचीही उदाहरणं घ्या. झोम १०० : जुलै २०२३ ला सुरू, नऊ भागांनंतर गाडी रुळावरून उतरली, शेवटचे तीन भाग थेट २५ डिसेंबरला. निअर ऑटोमाटा : त्याच वर्षी दोनदा थांबली, शेवटचे चार भाग जुलैत एकदम. वंडर एग प्रायॉरिटी : आठव्या भागाच्या जागी आधीच्या भागांची उजळणी, म्हणून शेवट जून २०२१ अखेरच्या विशेष भागावर ढकलला, आणि तो शेवट कसा होता हे साप्ताहिक मंडळींनाच विचारा. उझुमाकी तर चारच भागांची. पहिला भाग डोळे दिपवणारा, दुसऱ्यातच चित्र कोसळलं. थांबणाऱ्याला हे सगळं आधीच कळतं आणि तो वाटेलाच जात नाही.

वेळेचा हिशेब : एक भाग २४ मिनिटं, सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिट. उरली २१. बारा भाग म्हणजे ४ तास १२ मिनिटं.

पैशांचा हिशेब : क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या ओटीटीने २०२२ मध्ये भारतासाठी महिन्याला ७९ आणि ९९ असे दर लावले, त्याच दराने बोलतो. बारा भागांचा कूर पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत ७७ दिवस चालतो, म्हणजे तीन महिने भरा, २३७ रुपये. थांबणारा एक महिना घेतो, ७९ भरतो, बघतो, बंद करतो.

मध्यरात्र :

हा हिशेब सीझनला एकच मालिका बघणाऱ्याचा आहे. सीझनला सहा-सात मालिका बघणारा २०२२ च्याच दराने वर्षाचं ९९९ भरून मोकळा होतो, आणि त्याच्या सात मालिका तुमच्या पद्धतीने बघायच्या तर सात रविवार लागतात. शिवाय वाचवलेले १५८ रुपये ७७ दिवस स्पॉइलर चुकवण्यात खर्ची पडतात, ते कोण मोजणार?

आणि उझुमाकीचं कोसळणं तुम्हाला आधी कळतं ते कोणामुळे? दुसऱ्या आठवड्याला जाऊन बघणाऱ्यांमुळेच ना?

तांत्रिक बाबा :

दोघेही फुकट भांडताय. तुम्ही जे बघता ते पूर्ण चित्रच नाही. जुजुत्सु कायसेनचा दुसरा सीझन आठवा. मारामारी सुरू झाली की पडद्यावर राखाडी पडदा आणि हाताच्या मागे हाताचं भूत. नंतर येणाऱ्या ब्लू-रे डिस्कवर हे दोन्ही नाही. थांबायचंच तर ब्लू-रेसाठी थांबा. सीझन संपायची वाट बघून तेच काळवंडलेलं चित्र बघण्यात कसलं शहाणपण?

बाराभागी :

बाबा, तुमच्या टीव्हीचा ब्राइटनेस वाढवा.

तांत्रिक बाबा :

हेच उत्तर येणार हे माहीत होतं. सविस्तर लिहितो, म्हणजे पुन्हा कोणी लिहिणार नाही.

१६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानभर शेकडो मुलांना त्रास झाला, सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर १९९८ मध्ये वाहिन्यांनी नियम केले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळायचे, लाल रंगाची विशेष काळजी घ्यायची. भाग तयार झाला की तो यंत्रातून तपासतात. नापास झाला तर पुन्हा काढायला वेळ कुठे असतो? मग संपूर्ण चौकट (फ्रेम) काळवंडवतात, किंवा लागोपाठची दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. ओटीटीला बहुतेक वेळा हीच वाहिनीची प्रत जाते.

ब्राइटनेस वाढवून काय होतं? काळा रंग राखाडी होतो. प्रकाश आणि अंधार यांतला फरक मूळ प्रतीतच दाबलेला असतो, तो टीव्ही कुठून आणणार? वर आकाशाच्या छटांत पट्टे दिसायला लागतात.

भूत ओळखायचं तर भाग थांबवा आणि एकेक चौकट पुढे सरकवा. एकाच चौकटीत दोन हात दिसले की मिश्रण केलंय.

कऱ्हाडचा ओटाकू :

पण बाबा, आमच्या टीव्हीवर तर शांत संवादातसुद्धा चित्र काळं होतं.

तांत्रिक बाबा :

ते टीव्हीचं पाप. खूण सोपी आहे. तोच भाग फोनवर त्याच सेकंदाला लावा. फोनवरही काळवंडला आणि फक्त लखलखाटाच्या वेळी काळवंडला, तर दोष प्रतीतला. फोनवर स्वच्छ असेल आणि टीव्ही अंधाऱ्या दृश्यात हळूहळू मंदावत असेल, तर इको मोड, खोलीच्या उजेडाचा सेन्सर आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, तिन्ही बंद करा.

आणि हात घातलाच आहे तर मोशन स्मूदिंगही बंद करा. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. अ‍ॅनिमेत सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी नवं चित्र बहुधा १२ किंवा ८ वेळाच येतं. ते धक्के अ‍ॅनिमेटरने मोजून ठेवलेले असतात. मधली चित्रं टीव्ही स्वतःच्या अकलेने भरतो आणि तलवारीच्या टोकाचा चिखल करतो. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, निम्मं काम तिथेच होतं. आणि ४के प्लॅनच्या मागे धावू नका. टीव्हीवरचं बरंचसं अ‍ॅनिमे १०८०पीपेक्षाही कमी आकारात तयार होऊन मग मोठं केलेलं असतं.

मध्यरात्र :

धागा कशावर होता?

बाराभागी :

राहू दे, बाबांचं उपयोगाचं आहे. तुमचं नव्हतं.

पण बाबा, ब्लू-रेचा सल्ला नाकाने कांदे सोलण्यातला आहे. ब्लू-रेला बहुधा प्रदेशाचं कुलूप असतं : जपानी डिस्क प्रदेश ‘ए’ची, भारत प्रदेश ‘सी’. इथल्या दुकानातला प्लेअर ती घेईलच याची खात्री नाही. एका डिस्कवर दोन-तीन भाग, किंमत सात हजार येनच्या पुढे, इंग्रजी सबटायटल्स बहुधा नाहीतच, वर टपाल आणि कस्टम. एका कूरच्या पूर्ण संचात नवा टीव्ही येईल.

तांत्रिक बाबा :

येईल. आणि त्या नव्या टीव्हीवर तुम्ही काळवंडलेलं चित्र बघाल, तेही मोशन स्मूदिंग चालू ठेवून.

अमेरिकी डिस्क घ्या. एक-दोन डिस्कांत अख्खा सीझन, इंग्रजी सबटायटल्स असतात. तीही बहुधा ‘ए’चीच, म्हणून प्लेअर घेताना मल्टिरीजन आहे ना ते विचारा, आणि डीव्हीडीपुरतं नव्हे, ब्लू-रेसाठी मल्टिरीजन आहे ना असं विचारा. दुकानदार डीव्हीडीचं दाखवून ‘हो’ म्हणतो. आणि डिस्क कोणी परत नेत नाही. फनिमेशन हे अमेरिकी अ‍ॅनिमे ओटीटी एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा डिस्कसोबत मिळालेल्या डिजिटल प्रती क्रंचीरोलवर गेल्या नाहीत, डिस्क मात्र कपाटातच राहिल्या. ‘कधीतरी बघू’ म्हणून ओटीटीच्या यादीत टाकून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवंतीकाकू :

चित्रावर रामायण झालं, अक्षरांकडे कोणाचं लक्ष नाही. ऑक्टोबर २०२५ च्या सीझनला क्रंचीरोलवर पहिल्या आठवड्यांत पाट्या, फोनवरचे मेसेज, पत्रं यांची भाषांतरं संवादाच्या ओळीतच कोंबली होती. चांगल्या टाइपसेटिंगमध्ये पाटीचं भाषांतर पाटीवर, पाटीच्याच कोनात बसतं. दोन माणसं बोलत असताना मागे पाटी आली की खालच्या ओळीत काय कोणाचं ते कळत नाही. नंतर कंपनीने अंतर्गत यंत्रणेचा दोष सांगितला आणि ती सबटायटल्स बदलायला घेतली. जुलै २०२५ मध्ये नेक्रोनोमिको या मालिकेच्या जर्मन सबटायटल्समध्ये तर चक्क ‘चॅटजीपीटी म्हणालं’ असं छापून आलं होतं. घाईघाईने रात्रीच बघणाऱ्यांच्या वाट्याला हे येतं.

म्हणून माझं म्हणणं, तीन महिने नको, तीन दिवस थांबा. पहिल्या भागात पाटी असलेलं एक दृश्य शोधा, भाषांतर पाटीवर बसलंय का बघा. बसलं असेल तर त्या मालिकेला त्याच रात्री बसायला हरकत नाही.

मध्यरात्र :

काकूंचं पटतंय, पण तीन दिवसांत यूट्यूबवरची थंबनेलंच सगळं सांगून टाकतात.

शेवंतीकाकू :

ती तर तुम्हीच बनवता ना रे, रात्री बघणारे?

कऱ्हाडचा ओटाकू :

सब-सब काय करताय, डबचं बोला. डीमन स्लेअरचा इन्फिनिटी कॅसल हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात आला. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. मराठी कुठंय? मुंबई-पुण्याची थिएटरं पहाटेपासून भरायला आम्ही चालतो, भाषा चालत नाही. दहा वर्षांच्या पोराने सबटायटल वाचत त्यातला नायक तांजिरो बघायचा का? त्याच्यासाठी थांबायचं म्हटलं तर कशासाठी थांबायचं, मराठी येणारच नाही!

बाराभागी :

मराठी डब आला तरी पहिल्या दिवशी "हे काय नाटकी बोलतात" म्हणून नावं ठेवणारे तुम्हीच असाल.

कऱ्हाडचा ओटाकू :

नावं ठेवायला आधी येऊ तर दे. तुमच्यासारखे ‘ओरिजिनल जपानी’वाले उंटावरून शेळ्या हाकतात, म्हणून कंपन्यांना वाटतं मागणीच नाही.

शेवंतीकाकू :

त्याचा वेगळा धागा काढ, मी येते तिथे. इथे डबपुरतं एवढंच : इंग्रजी डब साधारण दोन-तीन आठवडे मागे चालतो. डबवाल्यांनी कूरच्या मध्यावर सुरू केलं तर पोरांना खंड पडत नाही.

नवखा ९९ :

एक विचारू का? जपानी वेळापत्रकात ‘शनिवार २५:३०’ लिहिलेलं असतं ते काय? आणि स्पॉइलर कसे टाळायचे?

मध्यरात्र :

अखेर विषयावरचा प्रश्न. तिथे मध्यरात्रीनंतरचे तास पुढे मोजतात. २५:३० म्हणजे रविवारचे पहाटे दीड. भारतासाठी सरळ साडेतीन तास वजा करा : शनिवार रात्री १०. वार तोच राहतो, हा फायदा. ही जपानी वाहिनीची वेळ. ओटीटीवर भाग अर्ध्या तासाने येतो की दोन तासांनी, हे मालिकेगणिक बदलतं, पहिल्या आठवड्यात बघून ठेवा. अमेरिकी वेळ देणाऱ्या याद्या वापरू नका. तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ सरकतं, आपलं आणि जपानचं सरकत नाही.

स्पॉइलर : मालिकेचं जपानी नाव, इंग्रजी नाव, हॅशटॅग आणि मुख्य दोन-तीन पात्रांची नावं म्यूट करा. नुसतं इंग्रजी नाव म्यूट करून काही होत नाही. मूळ मांगा (जपानी कॉमिक) ‘जंप’ या जपानी साप्ताहिकात चालू असेल तर रविवारी रात्री साडेआठला नवा अध्याय येतो, त्या तासात समाजमाध्यमं बंद. आणि पात्राचं नाव शोधपेटीत टाकू नका, पुढे सुचणाऱ्या शब्दांत ‘मृत्यू’ येतो आणि खेळ खलास.

बाराभागी :

आता मधला मार्ग माझ्याकडून घ्या, फुकट. बारा भागांच्या मालिकेचे नऊ भाग आले की सुरू करा. रोज तीन, तीन दिवसांत नऊ. मग दहा, अकरा, बारा साप्ताहिकवाल्यांसोबत. पैसे एकाच महिन्याचे, आणि नवव्या आठवड्यापर्यंत मालिका कोसळायची असेल तर कोसळलेली असते.

मध्यरात्र :

म्हणजे शेवटचे तीन भाग दर आठवड्याला बघणार. ताटात एकेक घास. अभिनंदन.

बाराभागी :

तीन घास. आणि फ्रीरेन या मालिकेचा पहिला सीझन एका रविवारी होत नाही हेही मान्य करतो, २८ भाग गुणिले २१ मिनिटं, ९ तास ४८ मिनिटं. दोन रविवार लागतात. झालं समाधान?

मध्यरात्र :

फ्रीरेनचे पहिले चार भाग जपानी वाहिनीनेच २९ सप्टेंबर २०२३ ला एका बैठकीत दाखवले होते. हा मुद्दा तुमच्या बाजूचा. तुम्हाला सुचला नाही, म्हणून देऊन टाकतो.

कऱ्हाडचा ओटाकू :

बाबा, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी सापडलं, पण ते राखाडी दिसतंय, दाबलं जात नाही.

तांत्रिक बाबा :

गेम मोड चालू असेल. आधी तो बंद करा, मग दाबा.