दहा रात्रींची क्रूझ सहा रात्रींतच संपवतायत, ताई व्हीलचेअरवर आहे. काय काय बघून घेऊ?

धाकटा

मंडळी, हे जहाजावरूनच लिहितोय. नेट मधूनमधून जातंय, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला तर समजून घ्या.

आम्ही दोघंच आलोय, मी आणि माझी मोठी बहीण. ताई 67 वर्षांची, मी 59. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. डाव्या हातापायात जोर नाही. धरून चार पावलं टाकते, बाकी सगळं व्हीलचेअरवर. रोज हॉटेल बदला, बॅगा भरा, गाडीत चढा-उतरा हे तिला झेपत नाही. जहाजात खोली आपल्याबरोबर फिरते, म्हणून हा बेत केला. दार रुंद, न्हाणीघराला उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडा, अशा केबिन एका जहाजावर मोजक्याच असतात. ती मिळावी म्हणून सव्वा वर्ष आधी बुकिंग केलं होतं.

काल चौथी रात्र. अडीचच्या सुमाराला ताईने हाक मारली, "अरे, थरथर थांबली." तिच्या उशाशी पाण्याचा ग्लास असतो. आमची केबिन मागच्या अंगाला आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्या पाण्यावर सतत बारीक वर्तुळं उठायची. मी दिवा लावून बघितलं तर वर्तुळं जवळपास नाहीत. एसी चालू, दिवे चालू, बाहेर सगळं शांत. तिला म्हटलं झोप, काही नाही. सकाळी आठला कॅप्टनने सांगितलं, जहाज ढकलणाऱ्या दोन पॉडपैकी एक बंद करावा लागला आहे, वेग कमी झाला आहे, पुढची सगळी बंदरं रद्द, आणि परवा सकाळी जवळच्या एका मोठ्या बंदरात प्रवास संपेल. दुपारी दाराखालून पत्र आलं. उरलेल्या चार रात्रींचे पैसे परत, किंवा त्याऐवजी त्याहून मोठ्या रकमेचं क्रेडिट, जे एका वर्षाच्या आत दुसऱ्या क्रूझसाठी वापरायचं. विमानाची तिकिटं बदलायला रिसेप्शनवर या, म्हणतात. तिथे सकाळपासून जिन्यापर्यंत रांग आहे.

मला विचारायचंय ते असं. एका पॉडवर जहाज चालवणं धोक्याचं आहे का? लिफ्ट बंद पडल्या तर ताईला मी एकटा कुठेही नेऊ शकत नाही. पैसे घ्यावेत की क्रेडिट? आणि ठरलेलं नसलेल्या बंदरात व्हीलचेअर घेऊन उतरताना काय सांभाळायचं?

आणखी एक. आठव्या दिवशी जहाज अरुंद खाडीतून जाणार होतं, दोन्ही बाजूंना उंच कडे. डेकवर बसल्याबसल्या दिसणार होतं, कुठे उतरायचीही गरज नव्हती. ताई त्या एका दिवसासाठी आली होती. सकाळपासून ती फारसं बोललेली नाही. तिच्याशी काय बोलावं तेही सुचलं तर सांगा.

इंजिनरूम

नमस्कार. मी 26 वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकलला होतो, त्यातली शेवटची 11 प्रवासी जहाजांवर. तुमचा पहिला प्रश्न माझ्या घरचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पॉड म्हणजे जहाजाच्या बुडाखाली टांगलेलं एक मोठं बोंड समजा. विजेची मोटर त्या बोंडाच्या आतच असते आणि तिच्याच दांड्याला पंखा. सगळं बोंड गोल फिरतं, म्हणून अशा जहाजाला वेगळं सुकाणू लागत नाही. वीज मात्र वर, इंजिनरूममधल्या डिझेल जनरेटरवर तयार होते. लिफ्ट, दिवे, एसी, स्वयंपाकघर, संडास हे सगळं त्या जनरेटरवर. पॉड बंद पडला म्हणजे जहाजाचा एक पाय दुखावला. काळीज, म्हणजे जनरेटर, नीट चालू आहे. उलट एवढा मोठा ग्राहक कमी झाल्यावर वीज मुबलकच असते.

पॉडमध्ये बहुतेक वेळा बेअरिंग नाहीतर पाणी आत येऊ न देणारं सील दगा देतं. तेलात पाणी किंवा धातूचे कण सापडले की आम्ही तो थांबवतो, तुटायची वाट बघत नाही. तो असतो पाण्याखाली, त्यामुळे मोठं काम करायला जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, न्यावं लागतं. "समुद्रातच का नाही दुरुस्त करत" या प्रश्नाचं उत्तर हेच. रांगेत कुणी तरी हाच प्रश्न घेऊन रिसेप्शनवरच्या पोरीवर ओरडत असेल. तिचा काही दोष नाही.

आता वेगाचं. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. त्यामुळे निम्मी शक्ती गेली तरी वेग निम्मा होत नाही, हिशेबाने 79 टक्क्यांच्या आसपास उरतो. 20 नॉटचं, म्हणजे ताशी 20 सागरी मैल जाणारं, जहाज 16 च्या जरा खाली येईल, आणि बंद पॉड पाण्यात ओढत न्यायचा म्हणून आणखी थोडं कमी. तरी 24 तासांत शंभर सागरी मैलांच्या आसपास मागे पडतं. बंदरं यामुळेच रद्द होतात. वाऱ्यात धक्क्याला लावताना दुसऱ्या पॉडची साथ नसते, म्हणून कॅप्टन टग, म्हणजे जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी, मागवेल. परवा सकाळी टग आलेले दिसले तर घाबरू नका.

लोक अशा वेळी 2013 च्या फेब्रुवारीतल्या कार्निव्हल ट्रायम्फ या क्रूझ जहाजाची आठवण काढतात. ती गोष्ट अगदी वेगळी. तिथे डिझेल जनरेटरच्या इंधनाच्या नळीला गळती लागून आग लागली, वीजच गेली, आणि व्हॅक्यूमवर चालणारे संडास बंद पडले. 4,200 च्या आसपास माणसं होती, जहाज ओढत अमेरिकेतल्या मोबिल बंदराला नेईपर्यंत चार दिवस गेले. 1 जुलै 2010 नंतर ज्यांच्या बांधणीला सुरुवात झाली त्या मोठ्या प्रवासी जहाजांना नियमच आहे, की ठरावीक मर्यादेतली आग लागली किंवा पाणी शिरलं तरी जहाज स्वतःच्या बळावर बंदर गाठू शकलं पाहिजे.

लिफ्टची काळजी रास्त आहे, पण तिचा उपाय वेगळा. आणीबाणीत ज्यांना मदत लागते अशा प्रवाशांची यादी जहाजावर असते आणि ती कॅप्टनपर्यंत गेलेली असते. ताईंचं नाव, केबिन नंबर आणि "पायऱ्या उतरता येत नाहीत" ही नोंद त्यात आहे का, हे आजच विचारा. गजर झाला तर लिफ्ट वापरायची नसते. जिन्यावरून उतरवायच्या खास खुर्च्या असतात आणि त्यासाठी नेमलेले खलाशी केबिनवर येतात. तुम्ही तिला सोडून शोधाशोध करायला जाऊ नका.

ताईंनी थरथर थांबलेली ओळखली म्हणजे कान पक्के आहेत. त्यांना म्हणावं, मागच्या डेकवर जा आणि पाण्याकडे बघा. दोन पॉड चालतात तेव्हा फेसाचे दोन पट्टे जुळे असतात. आता एकाच बाजूचा ठळक दिसेल.

भटकभवानी

आमची क्रूझ चार वर्षांपूर्वी अशीच अर्ध्यावर आटोपली होती. आईला घेऊन गेले होते. तेव्हा जे चुकलं ते सांगते.

रांगेत उभे राहू नका. रिसेप्शन रात्रभर उघडं असतं. पहाटे चारला जा, दोन माणसं असतील. मी दुपारी तीन तास उभी होते आणि नंबर आला तेव्हा समोरच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याला नीट काही सांगताच येईना.

दोन कागद मागा. एक, जहाजाच्या लेटरहेडवर, की यांत्रिक बिघाडामुळे प्रवास अमुक तारखेला, अमुक बंदरात संपवला. "तांत्रिक कारणाने कार्यक्रमात बदल" असलं गुळमुळीत चालत नाही, इन्शुरन्सवाले त्याच शब्दावर अडवतात. पॉलिसीत प्रवास मध्येच तुटला तर आणि बंदर हुकलं तर अशी वेगवेगळी कलमं असतात, दोन्ही वाचा. दुसरा कागद जहाजावरच्या खर्चाच्या हिशेबाचा. रद्द झालेल्या सहलींचे पैसे त्यात परत जमा झालेत का ते तिथेच बघा, घरी गेल्यावर पाठपुरावा करून जीव मेटाकुटीला येतो.

क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने मे 2013 मध्ये प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली आहे. यांत्रिक बिघाडामुळे प्रवास आधीच संपवला तर काही पैसे परत, ठरलेल्या शेवटच्या बंदरापर्यंत किंवा आपल्या गावापर्यंत पोचवणं, आणि मध्ये मुक्काम करावा लागला तर राहायची सोय, हे त्यात लिहिलेलं आहे. तुमची कंपनी सभासद असेल तर "मदत करू" म्हणजे काय ते त्या भाषेत विचारा. तिकिटं त्यांनाच काढायला लावा. विमानात व्हीलचेअरची मदत साधारण 48 तास आधी कळवायची असते, तुमच्याकडे तेवढा वेळ उरलेला नाही, म्हणून बुकिंग करतानाच ती नोंद घालायला सांगा आणि नोंद झालेली डोळ्यांनी बघा. पासपोर्ट जहाजाकडे ठेवले असतील तर ते कधी मिळणार, आणि उतरणार त्या देशाचा व्हिसा लागतो का, हेही त्याच खेपेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. मी घाईत आईची इन्सुलिनची पिशवी त्यात घातली. रात्री साडेअकराला लक्षात आलं, आणि दोन खलाशांनी खालच्या डेकवर शेकडो बॅगांतून ती शोधून आणली. पहाटे दोनला दारावर टकटक झाली तेव्हा आईने त्यातल्या एकाचे हात धरले होते, मला अजून दिसतात. ताईंची औषधं, चिठ्ठ्या आणि एक कपड्यांचा जोड आत्ताच हातातल्या पिशवीत घाला.

रोखठोक

क्रेडिट घ्या. रक्कम मोठी आहे, नाही तरी फिरायला जाणारच ना परत? आम्ही घेतलं आणि आठ महिन्यांत वापरलं. पैसे हातात आले की खर्चून जातात.

भटकभवानी

रोखठोक, तुमचं पटलं असतं, पण त्यांची केबिन बघा. ते सव्वा वर्ष आधी बुकिंग करून आलेत आणि क्रेडिटची मुदत एक वर्ष. तशी केबिन मुदतीच्या आत मोकळी आहे का, हे कंपनीच्या माणसाला संगणकावर समोर बसून बघायला लावा. नसेल तर ती मोठी रक्कम त्यांच्या काय कामाची? आणि तोवर "पूर्ण आणि अंतिम" असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

रोखठोक

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरोबर आहे.

धाकटा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलंत तसं पहाटे चारला गेलो, माझ्या पुढे एकच माणूस. ताईचं नाव यादीत होतं, पण "आधाराने चालते" असं लिहिलेलं होतं. कुणी वाचलं असतं तर पायऱ्याही उतरेल असंच वाटलं असतं. ते बदलून घेतलं. इंजिनरूम, तुमच्यामुळे ही गोष्ट कळली.

पत्र यांत्रिक बिघाड असं स्पष्ट लिहून मिळालं. खाडीच्या वाटेवर जाणाऱ्या फेऱ्यांत आमच्यासारखी केबिन पुढच्या वर्षभरात एकही मोकळी नाही. त्या बाईंनी माझ्यासमोर तीनदा शोधलं. मुदत वाढवून द्या म्हटलं तर तो अधिकार त्यांना नाही. पैसे परत घेतले. विमानात व्हीलचेअरची नोंद झाली, आणि सीट दाराजवळची मिळाली.

ताईला मी काही समजावलं नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं, बेअरिंगचं, घनाच्या पटीचं, सगळं. ती 34 वर्षं शाळेत गणित शिकवायची. कागद मागितला आणि उजव्या हाताने 0.79 चा घन करून बघितला. 0.493 आला. "निम्म्याला जवळ आहे," म्हणाली. दुपारी आम्ही मागच्या डेकवर गेलो. फेसाचा एकच ठळक पट्टा, शेजारी नुसतं ढवळलेलं हिरवट पाणी. अंधार पडेपर्यंत तिने खुर्ची हलवू दिली नाही. तिथली झाडलोट करणारा मुलगा दोनदा येऊन तिच्या पायावरचं पांघरूण नीट करून गेला. खाडी बघायला मिळाली नाही याचं तिला वाईट वाटतंच आहे, रात्री तसं म्हणालीही. मीही ते खोडून काढलं नाही.

आज सकाळी उतरलो. टग दोन आले. भरती असल्याने म्हणे, गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल, चांगलाच उतरता होता. खलाशांनी खुर्ची उलटी फिरवून, एकाने मागून आणि एकाने पुढून धरून, मागे मागे करत खाली आणली. त्यामुळे पूर्ण उतार ताईचं तोंड जहाजाकडेच होतं.

खाली आल्यावर तिने मला विचारलं, बंद पडला तो डावा की उजवा? फेस आमच्या उजव्या हाताला होता, म्हणून मी डावा म्हटलं. तिला ते पटलेलं दिसत नाही. इंजिनरूम, तुम्ही सांगा.

इंजिनरूम

डेकवरून मागे सुटणाऱ्या पाण्याकडे तोंड करून बसला होतात ना? मग तुमचा उजवा हात ही जहाजाची डावी बाजू. डावा चालू होता, उजवा बंद होता. ताईंना तसं कळवा.