चित्रपट आणि गाणे एकाच दिवाणखान्यात : ॲम्प्लिफायर एक पुरे की दोन हवेत?

टिळकवाडीकर :

दिवाणखाना एकच असेल आणि त्यातच सकाळी गाणे ऐकायचे व रात्री चित्रपट पाहायचा असेल, तर दोन्ही कामे एकाच एव्ही रिसीव्हरवर (चित्र-ध्वनीचे संकेत घेऊन अनेक स्पीकर चालवणाऱ्या पेटीवर) सोपवू नयेत, असे माझे मत आहे. ते येथे सविस्तर मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी कारणे देऊन खोडून काढावे.

चित्रपटासाठी रिसीव्हर लागतोच, यात वाद नाही. डॉल्बी ॲटमॉस ही डोक्यावरूनही आवाज आणणारी ध्वनिपद्धती. ती चित्रपटगृहांत २०१२ साली आणि घरगुती रिसीव्हरमध्ये २०१४ साली आली. त्यानंतर सात-नऊ चॅनेलचे (म्हणजे तितक्या स्पीकरांचे) ॲम्प्लिफायर, एचडीएमआयच्या जोडण्या, ध्वनिसंकेतांची उकल आणि खोलीनुसार आवाजाची दुरुस्ती ही सारी कामे एका पेटीत कोंबणे नेहमीचे झाले. त्या सगळ्यांना वीज पुरवणारा मुख्य ट्रान्सफॉर्मर मात्र बहुधा एकच असतो. म्हणून जाहिरातीतला वॉटचा आकडा वाचताना तो किती ओहमच्या भारावर (म्हणजे स्पीकरच्या किती विद्युतरोधावर), किती चॅनेल चालू ठेवून आणि किती विकृती गृहीत धरून मोजला आहे, हे आधी पाहावे. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, १० टक्के विकृती' या अटींवर दीडशे वॉट दिसणारे यंत्र '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल' या अटींवर पुष्कळ खाली येते, आणि पाच चॅनेल एकदम चालवले की त्याहूनही खाली.

माझी सूचना अशी, की समोरच्या दोन स्पीकरांसाठी प्री-आउट (दुसऱ्या ॲम्प्लिफायरकडे संकेत नेण्याची जोडणी) असलेला मध्यम किमतीचा रिसीव्हर घ्यावा आणि त्याच्या जोडीला होम थिएटर बायपासची सोय असलेला स्टीरिओ इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (दोन स्पीकरांचा, आवाजाचे बटण अंगातच असलेला) ठेवावा. बायपास निवडल्यावर इंटिग्रेटेडचे आवाजाचे बटण निष्प्रभ होते आणि सगळा आवाज रिसीव्हरच्या ताब्यात जातो. गाणे ऐकताना रिसीव्हर बंद ठेवला तरी चालते. ज्या इंटिग्रेटेडमध्ये बायपास नाही, त्यात बटण एका ठरलेल्या खुणेवर ठेवून काम भागवता येते, पण घरात कोणी ते बटण फिरवून ठेवले की रात्रीच्या चित्रपटाची सगळी जुळणी बिघडते.

याला आणखी एक कारण आहे. एचडीएमआयचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. २०२० साली आलेल्या काही ८के रिसीव्हरमध्ये एचडीएमआयच्या चिपचाच दोष निघाला आणि विशिष्ट गेमिंग यंत्राचे ४के चित्र १२० फ्रेमच्या वेगाने पुढे जाईना. स्टीरिओ ॲम्प्लिफायरला असले वार्धक्य येत नाही. आपल्याकडे जे ऐकले जाते ते पाहिले तर या खर्चाचे मोल अधिकच कळेल. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे किंवा धारवाडजवळच्या मनसूरच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गायन ऐकताना तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) आणि दोन स्वरांमधली शांतता जशीच्या तशी यायला हवी, आणि स्वस्त रिसीव्हरच्या मागच्या सुरसुरीत नेमकी तीच जाते.

शहापूरचा श्रोता :

आपले विवेचन मुद्देसूद आहे, परंतु त्याचा पायाच मला मान्य नाही. दोन सक्षम ॲम्प्लिफायर त्यांच्या मर्यादेत चालवले, दोन्हींचा आवाज मोजून ०.१ डेसिबलच्या आत सारखा केला आणि कोणते वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू दिले नाही, तर त्यांतला फरक ओळखणे अतिशय कठीण जाते. एखादा ॲम्प्लिफायर अर्धा डेसिबल मोठा वाजला, तरी कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. दुकानात झालेल्या बहुतेक तुलना याच एका कारणाने निरुपयोगी ठरतात.

आता वॉटचा हिशेब करू. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज देतो. तीन मीटर अंतरावरच्या खुर्चीत, भिंतींचे परावर्तन धरून, त्यातले साधारण ८० डेसिबल पोहोचतात. दर १० डेसिबल वाढीला दहापट शक्ती लागत असल्यामुळे ९० डेसिबलसाठी १० वॉट आणि १०० डेसिबलसाठी १०० वॉट लागतील. घरात ख्याल कोणी सरासरी ७५ डेसिबलच्या वर ऐकत नाही, म्हणजे आलापीला एक वॉटसुद्धा पुरतो आणि तानेच्या उसळीला फार तर दहा-वीस. मग गाण्यासाठी वेगळ्या ॲम्प्लिफायरवर पैसे घालायचे ते कशासाठी? शक्तीची खरी गरज चित्रपटालाच असते, आणि तिथेही ८० हर्ट्झखालचा भार सबवूफरच्या (फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) स्वतःच्या ॲम्प्लिफायरकडे गेला की रिसीव्हर मोकळा होतो.

आपल्या सूचनेचा सर्वांत मोठा तोटा आपण सांगितलेलाच नाही. गाणे ऐकताना रिसीव्हर बंद ठेवला, की खोलीची दुरुस्तीही बंद होते आणि सबवूफरची जुळणीही तुटते. १४ फूट रुंदीच्या खोलीत सुमारे ४० हर्ट्झवर आणि १८ फूट लांबीला सुमारे ३१ हर्ट्झवर हवा घुमते. त्या घुमण्यावर कितीही महागडा स्टीरिओ ॲम्प्लिफायर उपाय करू शकत नाही. ऑडिसी, डिरॅक किंवा वायपाओ या रिसीव्हरमधल्या खोली-दुरुस्तीच्या प्रणाली निदान प्रयत्न तरी करतात. आमच्या शहापुरातल्या जुन्या घरांत खाली शहाबादी फरशी आणि वर कौले असतात. तिथे ॲम्प्लिफायर बदलण्याआधी जाड सतरंजी आणि भिंतीला पुस्तकांचे कपाट लावून पाहावे.

जांबोटीकर :

आपणा दोघांच्या वादात पावसाळा कुठेच आला नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो, की आरसीएच्या (पेट्यांमधल्या ध्वनितारांच्या) जोडण्यांवर हिरवट थर चढतो, आणि वळवाच्या पावसात विजेचा दाब कसा नाचतो हे येथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. दोन पेट्या म्हणजे जोडण्या दुप्पट आणि बिघडण्याच्या जागाही दुप्पट. सर्ज प्रोटेक्टर, चांगले अर्थिंग आणि गडगडाट सुरू झाल्यावर प्लगच काढून ठेवण्याची शिस्त, यांवर आधी खर्च करावा. डिशची किंवा केबलची तारही त्याच वेळी काढावी; वीज एचडीएमआयच्या वाटेने शिरते तेव्हा बंद असलेला रिसीव्हरही वाचत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून रिसीव्हर मागवणाऱ्यांनी मागची पट्टी वाचावी. तिथली बहुतेक यंत्रे १२० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टवर लावली की काय होते ते सांगायला नको, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे ओझे घेऊन स्वस्तात मिळालेला रिसीव्हर स्वस्त राहत नाही.

टिळकवाडीकर :

जांबोटीकरांचे म्हणणे शिरसावंद्य. मात्र सर्वांत आधी वयोमान संपते ते रिसीव्हरमधल्या डिजिटल भागाचे. तो दुरुस्तीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेला, की एकपेटीवाल्यांच्या घरात टीव्हीचे स्पीकर तेवढे उरतात. माझ्याकडे गाणे चालूच राहते.

शहापूरच्या श्रोत्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो सरळ ८ ओहमच्या भाराचा आहे. कित्येक स्पीकर कागदावर ६ ओहमचे असतात आणि खालच्या सप्तकात ४ ओहमच्याही खाली उतरतात. अशा वेळी प्रश्न विद्युतप्रवाह पुरवण्याचा होतो. पुष्कळ रिसीव्हरमध्ये ४ ओहमची निवड केली, की ते यंत्र स्वतःला सांभाळण्यासाठी व्होल्टेजच कमी करते. शिवाय सबवूफरशिवाय ख्याल अपुरा वाटेल, हे मला पटत नाही.

शहापूरचा श्रोता :

तेही पाहू. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लावलेली असते. हा स्वर ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरखाली (ज्या सीमेखालचा आवाज सबवूफरकडे जातो तिच्याखाली) येतो. डग्ग्याचा घुमाराही त्याच्याच आसपासचा. मग सबवूफरचा संगीताशी संबंध नाही असे कसे म्हणावे?

टिळकवाडीकर :

खर्जाच्या तारेत मूळ कंप्रता क्षीण असते आणि जवारीमुळे वरचे स्वरांश प्रबळ होतात. कान त्या वरच्या स्वरांशांवरूनच खर्ज ओळखतो. ते सारे समोरच्या स्पीकरांतून येते. सबवूफर थोडा जरी मागे-पुढे जुळला, तरी डग्गा गायकापासून सुटून कोपऱ्यात जाऊन बसतो. चित्रपटात हे खपते, कारण तिथे ०.१ चॅनेल (खालच्या स्वरांचा वेगळा चॅनेल) १० डेसिबल जादा जोर धरूनच रचलेला असतो. ठुमरीत मात्र ते सहन होत नाही.

निपाणीकर :

मी ग्राहक म्हणून विचारतो. खोली १४ बाय १८ फूट, स्पीकर ६ ओहम आणि ८६ डेसिबलचे, बेत एकूण दीड लाख रुपयांचा, त्यात सबवूफरही घ्यायचा आहे. घरात गाणे रोज आणि चित्रपट आठवड्यातून एखादा.

शहापूरचा श्रोता :

प्री-आउट असलेला एकच रिसीव्हर घ्यावा आणि उरलेले पैसे सबवूफरवर खर्च करावेत. रिसीव्हर काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नये. वर निदान चार-सहा इंच मोकळी जागा ठेवावी. गाणे ऐकताना सराउंडची करामत बंद करून साधे स्टीरिओ निवडावे. जुनी आकाशवाणीवरची ध्वनिमुद्रणे मोनो असतात, त्यांना पाच स्पीकरांत पसरवण्यात काहीच हशील नाही.

टिळकवाडीकर :

प्री-आउटचा आग्रह योग्यच, कारण त्याने पुढची वाट मोकळी राहते. परंतु रोज गाणे आणि आठवड्याला एक चित्रपट, असे प्रमाण असेल तर मी सबवूफर वर्षभर पुढे ढकलीन आणि इंटिग्रेटेड आधी घेईन. ८६ डेसिबल आणि ६ ओहम या दोन आकड्यांमुळे माझी बाजूच बळकट होते.

शहापूरचा श्रोता :

शक्तीचा मुद्दा असेल तर ८६ आणि ८७ डेसिबलमधला फरक एका डेसिबलचा, म्हणजे सुमारे सव्वापट वॉटचा. तेवढ्यासाठी सबवूफर वर्षभर थांबवणे मला मान्य नाही. निपाणीकरांनी रिसीव्हर घरी आणून आधी नुसत्या स्टीरिओवर महिनाभर गाणे ऐकावे, आणि मगच दुसऱ्या पेटीचा विचार करावा.

निपाणीकर :

तसेच करतो. विक्रेत्याकडे प्री-आउट नसलेला मॉडेल सवलतीत आहे, तो मात्र आता घेणार नाही.