सहा दिवसांचा आठवडा पाचवर आणायचा आहे : सीएनसी शॉपमध्ये पगार न कापता बसतं का?

प्रश्न – भोसरी_शॉपफ्लोअर

मंडळी, चार व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन) आणि दोन टर्निंग सेंटर (लेथ) असलेल्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या शॉपसाठी विचारतोय. एकूण २२ माणसं. त्यातले १२ ऑपरेटर दोन पाळ्यांत, बाकी सेटर (नव्या जॉबसाठी, म्हणजे पार्टसाठी, मशीन लावणारे), क्वालिटी, डीबरिंग (पार्टच्या धारदार कडा घासणं), स्टोअर, मेंटेनन्स आणि डिस्पॅच. पहिली पाळी ७ ते ३:३०, दुसरी ३:३० ते रात्री १२. मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे काम ८ तास. आठवड्याचे ४८. सुट्टी गुरुवारी.

चांगले ऑपरेटर टिकवायचे तर दुसरी सुट्टी द्यावी असं मालकांचंही मत आहे. पगार कमी करायचा नाही हे ठरलेलं आहे. अडचण उत्पादनाची आहे. नेहमीच्या पार्ट्सचं शेड्यूल ग्राहकाकडून रोजचं येतं, चुकलं तर त्यांची लाइन थांबते. तीन पर्याय डोक्यात आहेत : ५ दिवस × ९ तास, ५ × ८, किंवा सरळ ४ × १२. कोणता चालेल, आणि कुठे फसेल?

उत्तर – नियोजन_आणि_वेळ

दिवस कमी करणं वेगळं आणि तास कमी करणं वेगळं, हे आधी कागदावर मांडा. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ झाले, पण तास २,०८८ वरून २,११२ झाले. रोजचे ७ तास १५ मिनिटं होते, त्याचे ८ तास झाले. सुट्टी वाढली, काम मात्र वर्षाला २४ तासांनी वाढलं. तुमचा ४ × १२ हा पर्यायही तसाच आहे, ४८ चे ४८. त्याला छोटा आठवडा म्हणू नका, तो दाबून बसवलेला आठवडा आहे.

आता तुमच्या शॉपचा हिशोब. एका मशीनला दोन पाळ्यांत आठवड्याला ९६ तास मिळतात. ५ × ९ केलं तर ९० तास, म्हणजे ६ तासांची तूट. ही तूट भरायला माणसाला पळवायची गरज नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद राहतं का ते बघा. राहत असेल तर जेवण टप्प्याटप्प्याने करा, एका वेळी दोन मशीनचे ऑपरेटर. त्या अर्ध्या तासात सेटर आणि क्वालिटीचा एक माणूस मशीन सांभाळतील. अर्धा तास × २ पाळ्या × ५ दिवस = ५ तास. ९० चे ९५ झाले. शिवाय आठवड्यातलं एक वॉर्मअप आणि एक फर्स्ट पीस (पहिल्या नगाची) तपासणी वाचते.

हे फक्त चालू, सिद्ध झालेल्या जॉबवर करा. नवीन सेटिंग चालू असताना बदली माणूस उभा केला की ऑफसेट (मशीनला दिलेलं टूलच्या जागेचं माप) चुकतो आणि टूल जॉबमध्ये घुसतं. सायकल टाइम (एका नगाला लागणारा मशीनचा वेळ) अर्ध्या मिनिटाचा असेल तरी जमत नाही, कारण सारखं लोडिंग करावं लागतं आणि बदली माणूस दोन मशीन धरू शकत नाही. असे छोटे जॉब जेवणाच्या वेळेला येणार नाहीत असं प्लॅनिंग करा.

५ × ८ मध्ये मशीनला ८० तास राहतात. जेवणाचे ५ धरून ८५. जवळजवळ साडेअकरा टक्के कमी, तो खड्डा सेटिंगच्या वेळेतूनच भरावा लागेल. म्हणून आधी चार आठवडे नोंद ठेवा : स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) किती तास फिरला, सेटिंगला किती वेळ गेला, मटेरियलची वाट, क्वालिटीची वाट, रिजेक्शन आणि रीवर्क. समजा ४८ तासांच्या पाळीत स्पिंडल २८.८ तास फिरतो, म्हणजे ६० टक्के. तेवढंच उत्पादन ४५ तासांत काढायला ६४ टक्के लागतील, ४० तासांत ७२ टक्के. ६० चे ६४ करणं शिस्तीचं काम आहे. ७२ साठी टूल प्रीसेटिंग (टूलची मापं मशीनबाहेर आधीच घेणं), जॉब धरणारे जॉज आणि फिक्स्चर आधीच घासूनपुसून मशीनशेजारी तयार, प्रोग्रॅम आधीच तपासलेला, हे सगळं एकत्र लागतं. सेटर दोनच असतील तर पहिल्या तीन महिन्यांत ते होणार नाही.

आणि एक. माणूस ताजातवाना झाला म्हणून सायकल टाइम कमी होत नाही, मशीन तेवढाच वेळ घेतं. फायदा होतो तो रिजेक्शनमध्ये, सेटिंगमध्ये आणि गैरहजेरीत. ब्रिटनमध्ये जून ते डिसेंबर २०२२ या काळात ६१ कंपन्यांनी आणि सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांनी चार दिवसांचा प्रयोग केला, त्यातल्या ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. हा आकडा तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल. पण अशा प्रयोगात मोठी बचत मीटिंगा आणि ईमेल छाटून होते. शॉपफ्लोअरवर मीटिंगा नसतातच. तुमच्या जवळचं उदाहरण स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या वृद्धाश्रमाचं आहे. तिथे परिचारिकांना सहा तासांची पाळी दिली. आजारपणाच्या रजा घटल्या, पण पाळ्या भरायला जास्तीची माणसं घ्यावी लागली आणि खर्च वाढला. जागा रिकामी सोडता येत नाही अशा प्रत्येक कामात हेच होतं.

उत्तर – हजेरीपत्रक

कायद्याच्या आणि पगाराच्या बाजूने लिहितो.

कामाच्या वेळा बदलायच्या तर कामगारांना २१ दिवस आधी लेखी नोटीस लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नोटीस बोर्डावर लावा, सगळ्यांना समजेल अशी मराठीत, आणि हिंदी भाषक असतील तर हिंदीतही.

नवव्या तासाबद्दल सावध राहा. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाची मर्यादा ९ तास आणि आठवड्याची ४८ होती, त्यामुळे ५ × ९ अगदी आत बसत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुरक्षा-आरोग्य संहितेत मूळ आकडा दिवसाला ८ तासांचा आहे. त्यावरच्या कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दर लागतो. तेव्हा नववा तास साध्या दराने धरण्याआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून वेळापत्रकाबाबत लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालतं हो' यावर जाऊ नका. नंतर एखाद्याने थकबाकी मागितली तर वर्षभराचा रोजचा एक तास दुप्पट दराने द्यावा लागेल.

रजेचं गणित कोणी बघत नाही आणि तिथेच कामगाराचं नुकसान होतं. भरपगारी रजा २० दिवस कामामागे एक अशी साठते. सहा दिवसांच्या आठवड्यात माणूस वर्षाला साधारण २९० दिवस भरतो, रजा १४-१५ होतात. पाच दिवसांत २४० च्या आसपास भरतील, रजा १२. दुसरी सुट्टी दिली आणि गुपचूप दोन-तीन रजा गेल्या, असं होऊ देऊ नका. 'रजा पूर्वीइतक्याच' हे वाक्य करारात घाला. पात्रतेसाठी जुन्या कायद्यात २४० दिवस लागायचे, संहितेत १८० आहेत. चार दिवसांचा आठवडा केला तर वर्षाचे दिवसच २०८ होतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा. कंपनीच्या जुन्या स्थायी आदेशात (कामाच्या अटींच्या नियमावलीत) २४० लिहिलं असेल तर ते आधी बदला. ग्रॅच्युइटीला मात्र धक्का नाही. सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत १९० दिवस भरले की वर्ष पूर्ण धरलं जातं.

डीबरिंग आणि पॅकिंगची माणसं ठेकेदाराकडून हजेरीवर असतील तर 'पगार कापणार नाही' हे वचन त्यांना आपोआप लागू होत नाही. ७०० रुपये हजेरी × २६ = १८,२०० रुपये. पाच दिवसांच्या आठवड्यात महिन्याचे सरासरी २१.६७ दिवस, हातात १५,१६७. त्यांचे १८,२०० राखायचे तर हजेरी ८४० करावी लागेल, बरोबर २० टक्के वाढ. हा खर्च आजच धरा. कायम कामगारांना सुट्टी आणि ठेक्याच्या माणसांना पगारकपात, असं झालं तर शॉपमध्ये दोन तट पडतील, आणि तो अन्यायही आहे.

उत्तर – कूलंट_टाकी

दुसऱ्या सुट्टीचा मशीनवर काय परिणाम होतो ते सांगतो. सलग दोन दिवस शॉप बंद राहिलं की कूलंट (कापताना सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण) सडायला सुरुवात होते. स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) तेल वर तरंगून थर धरतं, खाली हवा जात नाही, आणि बिनहवेचे जंतू वाढतात. सुटीनंतर झाकण उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांचा. उन्हाळ्यात फार लवकर होतं.

बंद करण्याआधी स्किमरने वरचं तेल काढा, टाकीतला चिप्सचा गाळ उपसा. रिफ्रॅक्टोमीटरने कूलंटमधलं तेलाचं प्रमाण बघा. बऱ्याच कामांना ६ ते ८ टक्के चालतं, पण रीडिंगला तुमच्या तेलाचा गुणक लावायला विसरू नका. पीएच ९ च्या आसपास हवा, ८.५ च्या खाली गेला की जंतू लागलेत असं धरा. सुट्टीत टाकीत छोटा एअर पंप चालू ठेवला तर पुरतं. नाहीतर वॉचमनला अर्धा तास कूलंट पंप चालवायला सांगा, मशीनच्या बाकी कशालाही हात न लावता.

कॉम्प्रेसरचा मेन व्हॉल्व्ह बंद करून टाकीतलं पाणी काढून जा. बिडाच्या जॉबवर आणि मशीनच्या टेबलवर तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात दोन दिवसांत तांबडं पडतं.

वीजबिलात फार बचत धरू नका. डिमांड चार्ज महिन्याचा असतो, मशीन २६ दिवस चालो की २२.

उत्तर – दुसरी_पाळी

कामगारांच्या बाजूने दोन-तीन गोष्टी मांडायच्या आहेत.

५ × ९ मध्ये जेवण धरून पाळी साडेनऊ तासांची होते. ७ ते ४:३०, मग ४:३० ते रात्री २. रात्री दोनला सुटलेला माणूस घरी कसा जाणार? बारा वाजताच रिक्षा मिळायची मारामार असते. दोनला सुटून दुचाकीवर डुलक्या घेत जाणं हा कारखान्याबाहेरचा अपघात आहे, पण कारण कारखान्यातलं. तेव्हा कंपनीची गाडी नसेल तर ९ तासांचा विचार सोडा. काम साडेआठ तासांचं करा, जेवण धरून पाळी ९ तासांची : ७ ते ४ आणि ४ ते १. आठवड्याचे साडेबेचाळीस तास होतात. टप्प्याचं जेवण धरून मशीनला ९० तास मिळतात, ९६ च्या जागी. सव्वासहा टक्के तूट. रात्री एकलाही गाडी लागेलच, पण एक गाडी सगळ्यांना पुरेल.

४ × १२ नकोच. शेवटच्या तीन तासांत रिजेक्शन वाढतं आणि बोटं जातात. आठवड्याच्या बाकी तीन दिवसांतला एक नुसता झोपेत जातो.

दुसऱ्या सुट्टीचा वार कोणता? भोसरीत गुरुवार वीज वाचवण्यासाठी ठरवून दिलेल्या वारामुळे पडला, मुलांच्या शाळेला सुट्टी रविवारी. त्यामुळे वर्षानुवर्षं बापाची आणि मुलांची सुट्टी वेगळी. रविवार दिला तर घरासाठी सगळ्यात मोठी गोष्ट होईल. शुक्रवार जोडून दिला तर सोलापूर, लातूर, बीडकडची माणसं गावी जाऊन येऊ शकतात. लग्न झालेले आणि एकटे राहणारे यांची मतं वेगळी पडतील, म्हणून चिठ्ठ्या टाकून मत घ्या, सुपरवायझरसमोर हात वर करून नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा आणि अर्ज करून मागितल्यावर. वार कामगारांना विचारून ठरवा.

भोसरी_शॉपफ्लोअर

सगळ्यांचे आभार. ४ × १२ बाद. गुरुवार-रविवार आणि साडेआठ तास हे पटतंय, कूलंटचाही प्रश्न सुटतो कारण दोन दिवस सलग बंद नाही. पण सव्वासहा टक्के तूट डिस्पॅचला सोसणार नाही. शॉप सहा दिवस चालू ठेवून प्रत्येकाला आळीपाळीने दुसरी सुट्टी दिली तर किती माणसं वाढतील?

उत्तर – नियोजन_आणि_वेळ

१२ ऑपरेटर × ६ दिवस = आठवड्याला ७२ हजेऱ्या. प्रत्येकी ५ धरल्या तर १४.४ माणसं. १५ घेतलीत तर गैरहजेरीलाही थोडी जागा राहते. १४ घेतलीत तर ७० हजेऱ्या भरतात, दोन पाळ्या एकेका मशीनला माणूस नसतो. मी १४ घेईन. त्या दोन रिकाम्या पाळ्या ठरवून मेंटेनन्सला द्या : फिल्टर, वे-लुब्रिकेशन, टर्निंगच्या चकची सफाई, कूलंट टाकी. आज हे काम उत्पादन थांबवून होत असेल, मग दोन पाळ्या वाया गेल्या असं म्हणताच येणार नाही. पाळी ८ तासांचीच राहील, त्यामुळे नवव्या तासाचा आणि रात्री दोनचा, दोन्ही प्रश्न मिटतात. तास खरेच ४८ चे ४० होतात.

खर्च दोन ऑपरेटरांचा पगार आणि त्यावरचा पीएफ वगैरे. यात रविवार सगळ्यांना मिळत नाही हा तोटा आहे. फिरता तक्ता करून प्रत्येकाला सहा आठवड्यांत किमान एक-दोन रविवार येतील असं बघा, आणि तक्ता महिनाभर आधी लावा. आदल्या दिवशी सांगितलेली सुट्टी माणूस झोपून काढतो.

सेटर दोघेच असतील तर तिथे अडेल. एक सुट्टीवर असताना दुसऱ्याला दोन्ही पाळ्या पुरणार नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी ऑपरेटरांपैकी दोघांना सेटिंग शिकवा : टूल ऑफसेट, वर्क ऑफसेट, सॉफ्ट जॉज बोअर करणं. दीड-दोन महिने लागतील. क्वालिटीलाही तसंच, फर्स्ट पीसवर सही करणारा माणूस प्रत्येक पाळीत हवा, नाहीतर मशीन तयार आणि सहीची वाट बघत तासभर उभं, असं होतं.

प्रयोग १३ आठवड्यांचा करा, एक पूर्ण तिमाही. दर आठवड्याला चार आकडे बोर्डावर लिहा : वेळेवर गेलेले डिस्पॅच, रिजेक्शन, गैरहजेरी आणि ओव्हरटाइमचे तास. चौथ्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. सुट्टीच्या दिवशी दुप्पट दराने बोलावणं सलग तीन आठवडे झालं, तर पंधरावा ऑपरेटर घ्या.